चेहऱ्याच्या किती जवळ? : फाळके, मंदाकिनी आणि चौकटीबाहेरची आई

१/
१९१९ साली मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘कालिया मर्दन’ हा मूकपट लागला. प्रेक्षक कृष्णलीला पाहण्यासाठी आले होते. परंतु पडद्यावर आरंभी ना गोकुळ दिसले, ना यमुना, ना कालिया. दिसला तो एका लहान मुलीचा चेहरा. मुकुट नाही, मोरपीस नाही. खांद्यापासून वरचा भाग तेवढा चौकटीत, आणि त्या चेहऱ्यावर एकामागून एक बदलत जाणारे भाव.

२/
ही मुलगी मंदाकिनी, दिग्दर्शक धुंडिराज गोविंद फाळके यांची कन्या. सात वर्षांच्या मुलीचा हा मुद्राभिनय आहे, असे चित्रपटच सांगतो. काही क्षणांनी तोच चेहरा कृष्णाच्या वेषात दिसू लागतो आणि मग कथा सुरू होते. लहान मुलाचे चित्र घेताना कॅमेरा किती जवळ न्यावा, या साध्या प्रश्नाचे भारतीय चित्रपटाने दिलेले हे एक फार जुने आणि फार धीट उत्तर आहे. त्या उत्तरापर्यंतचा प्रवास या धाग्यात पाहू.

३/
काळाचा अंदाज यावा म्हणून एवढेच : राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने जयसिंगपूर वसवले ते १९१७ च्या सुमारास. त्याच सुमारास कोल्हापुरात बाबूराव पेंटर महाराष्ट्र फिल्म कंपनीची उभारणी करत होते आणि नाशिकला फाळक्यांच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीचा जन्म होत होता. जयसिंगपूरच्या पेठेत पहिली दुकाने उघडत होती, तेव्हा पडद्यावरचा चेहरा किती मोठा असावा हेही अजून ठरायचे होते.

४/
आता थोडे मागे जाऊ. आज फोटो आधी काढला जातो आणि तो कुठे कापायचा हे नंतर बोटाने ठरवले जाते. एकोणिसाव्या शतकात क्रम बहुधा उलटा होता. काचेच्या निगेटिव्हवर कागद ठेवून, उन्हात धरून छाप उमटवत. काच जेवढी, तेवढेच चित्र. चित्र मोठे करून त्यातला एक तुकडा निवडणे हे रोजच्या धंद्यातले काम नव्हते. म्हणून चौकट किती घट्ट हवी, याचा निर्णय कॅमेऱ्याचा स्टँड जमिनीवर टेकवतानाच होई.

५/
मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय छायाचित्रकार तिच्या कामात होते. पुढच्या दशकात ‘कार्त द विझीत’ नावाची छोटी छायाचित्रे जगभर लोकप्रिय झाली. अडीच बाय चार इंचांच्या आसपासचा पुठ्ठा आणि त्यावर चिकटवलेला माणूस, बहुतेक वेळा डोक्यापासून पायापर्यंत. एवढ्याशा जागेत चेहरा नखाएवढा येई. पण पैसे देणाऱ्याला केवळ चेहरा नकोच होता. त्याला पोशाख, खुर्ची, पायातले जोडे, सगळे हवे होते.

६/
मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे होते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड हे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ साली, बारा वर्षांचे असताना, ते दत्तक जाऊन गादीवर आले. त्या काळातील त्यांच्या छायाचित्रांत दागिन्यांनी मढलेला एक मुलगा दिसतो. कॅमेरा त्याच्यापासून अंतर राखून उभा आहे, कारण चित्राचा विषय मुलगा नाही, गादी आहे. तीच चौकट चेहऱ्यापुरती कापली, तर नुकताच घरापासून दूर आलेला बारा वर्षांचा शेतकऱ्याचा पोर समोर येईल. दरबाराला नेमके तेच नको होते.

७/
युरोप-अमेरिकेत याच काळात एक वेगळी अडचण होती. प्रकाशलेखनाला काही सेकंद लागत आणि तान्हे मूल तेवढा वेळ स्थिर बसत नसे. त्यावर उपाय म्हणून आई मुलाला मांडीवर घेऊन बसे आणि तिच्यावर कापड किंवा पडदा टाकत. दुरून पाहता ती खुर्चीच वाटे. पुढे चित्राच्या कडा कापून किंवा लंबगोल खिडकीचा पुठ्ठा वर ठेवून उरलीसुरली आईही झाकून टाकत.

८/
अशी शेकडो छायाचित्रे आज संग्रहांत आहेत. पुठ्ठा काढला की कापडाखालची आकृती दिसते, कुठे एखादा हात दिसतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती एक गोष्ट शिकवतात : लहान मुलाच्या चित्राची कड म्हणजे केवळ कागदाची कड नव्हे. मूल ज्याच्या आधाराने स्थिर बसले आहे, तो माणूस बहुधा त्या कडेच्या पलीकडेच असतो. हे सूत्र लक्षात ठेवावे. फाळक्यांच्या घरी ते पुन्हा भेटेल.

९/
चलच्चित्रे आली तेव्हा त्यांच्याही आरंभीच्या विषयांत एक मूल होते. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी जो प्रसिद्ध खेळ केला, त्यात बाळाला भरवण्याचे एक चित्र होते. ऑग्युस्त ल्युमिएर, त्यांची पत्नी आणि मधोमध त्यांची तान्ही मुलगी आंद्रे. जागा घराबाहेरची, बागेतली. चौकट मेजापासून वरची. मूल आणि भरवणारे हात दोन्ही दिसावेत एवढीच सैल.

१०/
या चित्राची एक आठवण नेहमी सांगितली जाते. प्रेक्षकांना बाळाइतकेच नवल वाटले ते मागे हलणाऱ्या पानांचे. रंगभूमीवरचे रंगवलेले झाड कधी हलत नाही. हे झाड हलत होते. चौकट बाळाच्या चेहऱ्यापुरती आवळली असती, तर ही पाने गेली असती. उघड्यावर घेतलेल्या चित्रात मुलासोबत वारा, ऊन आणि जागा येते. चेहरा मोठा करायचा तर त्यांपैकी काहीतरी सोडावे लागते.

११/
आता फाळके. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. कलाभवन १८९० साली सयाजीरावांच्या राज्यात उभे राहिले. छायाचित्रांत दागिन्यांनी मढलेला तो मुलगा आता संस्था उभारणारा राजा झाला होता, आणि त्या संस्थेत एक तरुण ब्राह्मण मुलगा कॅमेरा, काच आणि रसायने हाताळायला शिकत होता.

१२/
शिक्षणानंतर फाळक्यांनी गोध्र्यात छायाचित्रांचा व्यवसाय मांडला. १९०० च्या सुमारास प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेले, आणि तो व्यवसाय तिथेच थांबला. पुढे १९०२ साली दुसरा विवाह झाला. त्या पत्नीचे सासरचे नाव सरस्वती. पुरातत्त्व खात्यातील नोकरी, मग लोणावळ्याचा छापखाना, मग भागीदारांशी बिनसणे, अशी वर्षे गेली. १९११ साली थोरल्या भालचंद्राला घेऊन ते गिरगावात चित्रपट पाहायला गेले. दुसऱ्या दिवशी सरस्वतीबाईंना सोबत नेले, आणि ख्रिस्ताचे चरित्र पाहताना आपले राम-कृष्ण पडद्यावर कधी येतील, या विचाराने त्यांना घेरले.

१३/
१९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तिथे विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले. हे हेपवर्थ कोण? १९०५ साली हरवलेले बाळ शोधून आणणाऱ्या रोव्हर कुत्र्याचा गाजलेला लघुपट काढणारे. त्यातले बाळ म्हणजे त्यांची स्वतःची तान्ही मुलगी. आईची भूमिका केली होती ती त्यांच्या पत्नीने. घरातले मूल, घरातली आई आणि घरचाच कॅमेरा, हे फाळक्यांच्या आधी तिथे घडून गेले होते.

१४/
परत आल्यावर भांडवल उभे करण्यासाठी काहीतरी करून दाखवणे भाग होते. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण केले. ‘अंकुराची वाढ’ हा तो चित्रपट जेमतेम मिनिटाचा. बी फुटते, कोंब वर येतो, वेल होते.

१५/
या चित्रपटात चौकटीचा एक धडा दडलेला आहे. पहिल्या दिवशी कॅमेऱ्यासमोर होती केवळ मातीची कुंडी. चौकट त्या कुंडीपुरती आवळली असती, तर आठवड्याभरात वेल चौकटीबाहेर गेली असती. जे अजून उगवलेले नाही, त्याच्यासाठी वर जागा मोकळी सोडावी लागली असणार. लहान मुलाचे चित्र घेणाऱ्यालाही हा हिशेब करावाच लागतो : समोरचे मूल आहे तेवढेच धरायचे, की ते जिथे धावणार आहे ती जागाही धरायची?

१६/
‘राजा हरिश्चंद्र’ मध्ये (१९१३) फाळक्यांनी दुसरा पर्याय निवडला. या कथेच्या आज उरलेल्या रिळांत आरंभीचे दृश्य आहे ते धनुर्विद्येचे. राजा हरिश्चंद्र पुत्र रोहिदासाला बाण सोडायला शिकवतो आहे. भोवती राणी आणि दरबारी. सगळे डोक्यापासून पायापर्यंत दिसतात. १९१३ साली रोहिदास झाला होता भालचंद्र. तिथे मूल एकटे कधी नसते; ते कुणाचे तरी पुत्र असते, आणि चौकट त्या नात्याएवढी रुंद असते.

१७/
या रुंद चौकटीमागे तांत्रिक कारणेही होती. चित्रण सूर्यप्रकाशावर चाले. त्या काळची फिल्म निळ्या प्रकाशाला पटकन दाद देई, तांबड्याला जवळपास नाही. त्यामुळे सावळी त्वचा अधिकच गडद उमटे. भर उन्हात कपाळ चमके आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडत. लांबून हे खपून जाई. जवळ गेले की प्रत्येक सावली मोठी होई. चेहऱ्याजवळ जायचे तर आधी ऊन मवाळ करावे लागे, आणि त्यासाठी कुणीतरी पांढरे कापड धरून उभे राहावे लागे.

१८/
ते कापड धरणाऱ्या होत्या सरस्वतीबाई. तासन् तास उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवणे, रसायने मिसळणे, कच्च्या फिल्मला कडेने भोके पाडणे, रात्री फिल्म धुणे आणि त्याखेरीज कंपनीतल्या सर्वांचा स्वयंपाक, ही कामे त्यांनी केली. भांडवलासाठी दागिनेही दिले. तारामतीची भूमिका करण्याविषयी त्यांना विचारले गेले तेव्हा त्यांनी नकार दिला, असे चरित्रकार सांगतात. आपण चौकटीत गेलो तर बाहेरचे काम कोण करणार, हा त्यांचा प्रश्न होता. तारामती झाले अण्णा साळुंके.

१९/
चित्रणाच्या काळातील आणखी एक प्रसंग फाळक्यांच्या चरित्रांत येतो. बाहेर चित्रण चालू असताना भालचंद्र पडला, डोक्याला लागले, तो बेशुद्ध झाला. प्रथमोपचार झाले. काम थांबवावे, असे सहकारी म्हणत होते. पण मृत रोहिदासाचे दृश्य घ्यायचे राहिले होते आणि थांबणे खर्चाच्या दृष्टीने परवडणारे नव्हते. फाळक्यांनी बेशुद्ध मुलासह ते दृश्य चित्रित केले.

२०/
या प्रसंगाचे कौतुक ‘कलेसाठी केवढी निष्ठा’ असे करण्याची प्रथा आहे. पण त्यातली अस्वस्थता झाकू नये. प्रेक्षकाला दिसते ते पुराणातले मृत मूल. चौकटीच्या बाहेर असते ते जखमी झालेले खरे मूल, आणि कॅमेऱ्याचे हँडल फिरत राहावे असा निर्णय घेणारा बाप. एक मूल आधीच गमावलेल्या माणसाने हा निर्णय घेतला, हे लक्षात घेतले की त्याकडे केवळ धाडस म्हणून पाहता येत नाही. केवळ क्रौर्य म्हणूनही नाही.

२१/
सहा वर्षांनी ‘कालिया मर्दन’ येतो, आणि आता चौकट बदललेली आहे. पुराणकथेतील रोहिदास सर्पदंशाने मरतो. इथला बालकृष्ण सर्पाच्या फण्यावर उभा राहतो. तिथे थोरला मुलगा होता, इथे मुलगी आहे. त्याआधी १९१८ च्या ‘श्रीकृष्ण जन्म’ मध्येही मंदाकिनीच कृष्ण झाली होती. आणि मुख्य म्हणजे, तिथे मुलाचे रूप कथेत विरघळलेले होते. इथे कथेच्या आधी चेहरा येतो.

२२/
हे का महत्त्वाचे? तो काळ आठवावा. ‘लंकादहन’ (१९१७) पाहताना राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढत, हात जोडत. पडदा हे देवाचे दर्शन होते. अशा प्रेक्षकाला फाळके आधी सांगतात : ही एक मुलगी आहे, हिचे वय सात, ही अभिनय करते आहे. नंतर त्याच मुलीला ते देव करतात. घट्ट चौकटीने इथे देवत्व कमी केले नाही, पण त्याच्यामागचे मूल नाहीसेही होऊ दिले नाही. श्रेयाची पाटी माणसाचे नाव सांगते. हे दृश्य माणूसच दाखवते.

२३/
मग चित्रपट पुन्हा मोकळ्या चौकटीकडे जातो, आणि हेही शिकण्यासारखे आहे. कालियाशी झुंज चालते तेव्हा पाण्यातला कृष्ण आणि काठावरचे व्याकूळ गोकुळवासी आलटून पालटून दिसतात. तिथे चेहऱ्याजवळ जाऊन चालणार नव्हते. मूल किती लहान आणि संकट किती मोठे, हे अंतर दिसायला हवे होते. मात्र आरंभी तो चेहरा जवळून पाहिलेला असल्यामुळे, दुरून दिसणारी ती छोटी आकृती कुणाची आहे, हे प्रेक्षक विसरत नाही. जवळची चौकट ओळख करून देते, दूरची चौकट त्या ओळखीची कसोटी पाहते.

२४/
फाळक्यांचे बहुतेक चित्रपट काळाने गिळले. ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा उरला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ ची, तिथे पी. के. नायर यांनी फाळक्यांचे उरलेसुरले साहित्य जमवले, जपले. त्यामुळे मंदाकिनीचा चेहरा आजही पाहता येतो. शंभर वर्षांहून जुना, ओरखडे पडलेला, पण जिवंत.

२५/
सरस्वतीबाईंचे तसे झाले नाही. ज्या हातांनी फिल्मला भोके पाडली, ती धुतली, उन्हात चादर धरली, ते हात चौकटीत कुठेच नाहीत. कापडाखाली झाकलेल्या त्या युरोपीय आयांचे निदान कापड तरी चित्रात उमटले. इथे कापड धरणारीही बाहेर आणि कापडही बाहेर. उमटला तो केवळ त्या कापडावरून परतलेला उजेड. २००९ साली परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटाने ती चौकट बरीच सैल केली आणि विभावरी देशपांडे यांच्या रूपाने सरस्वतीबाई पडद्यावर आल्या, त्या पतीच्या स्वप्नाच्या कडेला नव्हे, तर त्याच्या मधोमध.

२६/
जुने छायाचित्र किंवा जुना चित्रपट वाचताना म्हणून दोन प्रश्न विचारावेत. चौकट इतकी रुंद का ठेवली : नाते दाखवायला, मान दाखवायला, की केवळ उन्हापुढे इलाज नव्हता म्हणून? आणि चौकट इतकी घट्ट का केली : माणूस दिसावा म्हणून, की आजूबाजूचे काही दिसू नये म्हणून? सयाजीरावांच्या चित्रात पहिला प्रश्न उपयोगी पडतो, झाकलेल्या आयांच्या चित्रांत दुसरा. ‘कालिया मर्दन’ पाहताना दोन्ही लागतात.

२७/
आज जयसिंगपुरात काय किंवा नाशकात काय, एखादा बाप अंगणात खेळणाऱ्या लेकीचा फोटो घेतो आणि पडद्यावर बोट फिरवून कडा आत ओढतो. मागचे वाळत घातलेले कपडे जातात, सायकलचे चाक जाते, कडेला उभी असलेली तिची आजी जाते. उरतो सुंदर चेहरा. त्यात चूक काहीच नाही. मंदाकिनीचा चेहरा असाच उरला. फक्त मूळ फोटो पुसू नये. पन्नास वर्षांनी ती मुलगी तो पाहील, तेव्हा आपला चेहरा तिला आरशातूनही ठाऊक असेल. तिला शोधायची असेल ती कडेला उभी असलेली आजी.

२८/
हा धागा इथे संपतो. ‘कालिया मर्दन’ पाहिला नसेल तर निदान त्याची पहिली काही मिनिटे अवश्य पाहावीत. तो चेहरा पाहून झाला की क्षणभर थांबावे, आणि त्या चौकटीच्या कडेपलीकडे उन्हात कोण उभे असेल, याचाही विचार करावा.